चमचा उलटा करा : इंग्लिश स्टर्लिंग चांदीचे ठसे वाचून काळ कसा ठरवायचा

जुन्या इंग्लिश चांदीच्या चमच्याची सगळी माहिती त्याच्या पाठीवर असते. दांड्यामागे ज्वारीच्या दाण्याएवढे चार-पाच ठसे ओळीत मारलेले दिसतात: चालणारा सिंह, समोर बघणारं एक प्राण्याचं तोंड, एखादं इंग्रजी अक्षर, कधी राजाचा किंवा राणीचा चेहरा आणि दोन-तीन आद्याक्षरं. ते नीट वाचता आले तर तो चमचा कोणत्या शहरात, कोणत्या वर्षी तपासला गेला आणि कोणाच्या कारखान्यातून आला, हे घरबसल्या सांगता येतं. घरात वापरायच्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या वस्तूवर इतकी शिस्तशीर नोंद मला माहीत नाही.

हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, जुन्या पारशी घरांतून निघालेल्या सामानात आणि जुन्या वस्तूंच्या लिलावांत हे चमचे-काटे अजून सापडतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना तर रविवारच्या बाजारात आणि धर्मादाय दुकानांत ते नेहमीच दिसतात. बहुतेक जण त्यांत पहिली चूक करतात ती एकाच ठशावर भिस्त ठेवण्याची. सिंह दिसला की चांदी, अक्षर दिसलं की वर्ष, असं होत नाही. सगळे ठसे, वस्तूचा घाट आणि तिची झीज या तिघांचं एकमत झालं, तरच काळ ठरला असं म्हणायचं.

आधी हात आवरा

वस्तू हातात आली की ती चकचकीत करायचा मोह होतो. तो टाळा. ठशांच्या खोलगट भागात साचलेली काळी पुटं वाचायला मदत करतात. कडा उजळ आणि तळ काळा असला की चित्र उठून दिसतं. रांगोळी, राख, चिंच, दात घासायची पेस्ट यांतलं काहीही ठशांवर घासू नका. दीडशे वर्षं रोज पॉलिश झालेल्या चमच्यावर सिंहाचा नुसता गोळा उरलेला असतो आणि ते नुकसान भरून येत नाही. अॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवून खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची युक्तीही मी सुचवणार नाही. त्याने नक्षीच्या खाचांतला जुना काळपटपणा निघून जातो आणि वस्तू बोडकी दिसते. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड एवढं पुरतं. सुऱ्या मात्र पाण्यात बुडवायच्याच नाहीत. त्यांच्या चांदीच्या मुठी पोकळ असतात आणि आत राळ भरलेली असते. गरम पाण्याने राळ सुटते आणि पातं निखळून येतं.

साहित्य थोडंच लागतं. सराफ वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटी टॉर्च, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि वही. टॉर्च ठशावर सरळ मारू नका, बाजूने तिरकी धरा. सावली पडली की झिजलेली रेषासुद्धा दिसते. तरीही वाचता येत नसेल तर ठशावर तोंडाची वाफ सोडा आणि ती विरत असताना भिंगातून बघा. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहणं सगळ्यांत सोपं. एकाच ठशाचे वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून फोटो घ्या.

चांदी आहे की मुलामा?

स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. आपल्या सराफाच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. इंग्लंडमध्ये शुद्धतेच्या या प्रमाणावर कायद्याची देखरेख १३०० सालापासून आहे.

मुलाम्याचे दोन मुख्य प्रकार भेटतील. पहिला जुना शेफील्ड प्लेट: १७४०च्या दशकात शेफील्डमध्ये थॉमस बोल्सोव्हर याला तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा उष्णतेने एकजीव करता येतो हे सापडलं, त्यातून हा धंदा उभा राहिला. अशा ट्रेच्या किंवा मेणबत्तीदानाच्या कडा झिजल्या की खालून तांबूस रंग डोकावतो. दुसरा प्रकार विजेने चढवलेल्या मुलाम्याचा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने त्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं. याच्या खाली बहुधा जर्मन सिल्व्हर असतं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी अजिबात नसते.

नवख्या माणसाची फसगत होते ती या दुसऱ्या प्रकारात. ई.पी.एन.एस. (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, म्हणजे विजेचा मुलामा दिलेलं जर्मन सिल्व्हर) ही अक्षरं सरळ एका ओळीत लिहिली असतील तर प्रश्न नाही. पण पुष्कळ कारखाने प्रत्येक अक्षर वेगळ्या ढालीत, वळणदार गॉथिक लिपीत (जाड-बारीक, टोकदार रेषांच्या जुन्या इंग्रजी अक्षरांत) मारत आणि शेजारी मुकुट किंवा एखादं चिन्ह ठेवत. दुरून ते खऱ्या हॉलमार्कसारखंच दिसतं. 'ए वन' हा मुलाम्याच्या दर्जाचा शिक्का आहे, शुद्धतेचा नाही. कंपनीच्या नावावरूनही ठरवू नका. मॅपिन अँड वेब किंवा वॉकर अँड हॉल यांनी चांदीच्या वस्तूही केल्या आणि मुलाम्याच्याही. चालणारा सिंह शोधायचा. तो नसेल, त्याच्या जागी बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) नसेल आणि स्कॉटलंड किंवा आयर्लंडची खूणही नसेल, तर इंग्लिश वस्तूच्या बाबतीत मुलामा समजूनच पुढे चला.

शंका उरली तर घरच्या घरी घनतेची चाचणी करता येते. वस्तूला ओरखडाही पडत नाही, म्हणून मला ही सगळ्या चाचण्यांत आवडते. समजा चमचा ६० ग्रॅमचा आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. चमचा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबता धरा. आता काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी चमच्याने बाजूला सारलं. स्टर्लिंगची घनता सुमारे १०.३६, म्हणून आकडा ५.८ च्या आसपास यायला हवा. जर्मन सिल्व्हरची घनता ८.७ च्या जवळपास, तिथे ६.९ येईल. चमच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने काढा, नाहीतर आकडा फसवा येतो. पोकळ मूठ, राळ भरलेला तळ किंवा लाकडी कान असलेल्या वस्तूंना ही चाचणी लागू नाही.

सराफाकडे आम्लाची परीक्षा करून घेऊ नका. घासलेला भाग कायमचा दिसतो. क्ष-किरणांच्या यंत्रावर टंच काढणारी केंद्रं आता शहरोशहरी आहेत, तिथे वस्तूला धक्का लागत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला चकवू शकतो. झिजलेल्या कडेवरही एकदा तपासायला सांगा.

ठसे कोणत्या क्रमाने वाचायचे

माझा क्रम असा: शुद्धता, शहर, राजाचा चेहरा, अक्षर, कारागीर. बहुतेक लोक अक्षरापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण तेच अक्षर दर काही वर्षांनी पुन्हा येतं. आधीच्या तीन ठशांनी काळाची चौकट आखून घेतली की अक्षर त्या चौकटीत आपोआप बसतं.

शुद्धता. डावीकडे चालणारा, पुढचा एक पंजा उचललेला सिंह. लंडनमध्ये तो १५४४ पासून आहे. लंडनच्या ठशात १८२१ पर्यंत सिंहाचं तोंड आपल्याकडे वळलेलं असतं, त्यानंतर तो सरळ समोर, चालण्याच्या दिशेने बघतो. झिजलेल्या ठशातही हा फरक कळतो. १६९७ ते १७२० या काळात कायद्याने जास्त शुद्ध, म्हणजे हजारात ९५८ भाग चांदी सक्तीची होती, कारण लोक स्टर्लिंगची नाणी वितळवून भांडी करू लागले होते. त्या वर्षांत सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया दिसते. १७२० नंतर स्टर्लिंग परत आलं, ब्रिटानियाचा दर्जा मात्र ऐच्छिक म्हणून चालू राहिला. म्हणून नुसती ब्रिटानिया दिसली की वस्तू १७२० च्या आधीची, असं धरू नका. विसाव्या शतकातल्या वस्तूंवरही ती असते. डब्लिनची हायबर्निया हीसुद्धा बसलेली स्त्री आहे. तिच्याबरोबर हार्प हे तंतुवाद्य असतं.

शहर. लंडनचं चिन्ह लेपर्डचं तोंड, समोरून दिसणारं. १८२१ पर्यंत त्याच्या डोक्यावर मुकुट होता, नंतर तो गेला. बर्मिंगहॅमचा नांगर (शेतातला नव्हे, जहाजाचा) आणि शेफील्डचा मुकुट; चांदी तपासून ठसे मारणारी ही दोन्ही कार्यालयं १७७३ ची. शेफील्डने १९७५ पासून मुकुट सोडून गुलाब घेतला. एडिंबराचा तीन बुरुजांचा किल्ला, सोबत १७५९ पासून काटेरी थिसलचं फूल. चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. एक्सिटर, न्यूकॅसल आणि ग्लासगो यांची कार्यालयंही होती. एक्सिटर १८८३ ला, न्यूकॅसल १८८४ ला, चेस्टर १९६२ ला आणि ग्लासगो १९६४ ला बंद झालं. आज लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिंबरा ही चारच उरली आहेत. इथे एक सापळा आहे: लंडनबाहेरच्या काही जुन्या कार्यालयांनी स्वतःच्या चिन्हासोबत लेपर्डही मारला. लेपर्डशेजारी किल्ला किंवा पेंढ्या दिसल्या तर वस्तू लंडनची नव्हे, त्या गावची. लेपर्ड एकटाच असेल तर लंडन.

राजाचा चेहरा. नवख्यांनी सर्वांत आधी हाच ठसा ओळखायला शिकावं असं माझं मत आहे. १ डिसेंबर १७८४ पासून चांदीवर कर बसला आणि तो भरल्याची पावती म्हणून राज्यकर्त्याचं मस्तक मारलं जाऊ लागलं. १८९० मध्ये कर गेला, तेव्हा ठसाही थांबला. म्हणजे चेहरा दिसला की वस्तू १७८४ ते १८९० मधली. एका नजरेत शंभर वर्षांची चौकट मिळाली. सुरुवातीची दीड-दोन वर्षं हे मस्तक खोलगट आणि डावीकडे बघणारं होतं. १७८६ पासून ते उठावदार आणि उजवीकडे बघणारं झालं. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम हे तिघे उजवीकडे बघतात. डावीकडे बघणारी उठावदार मुद्रा राणी व्हिक्टोरियाची, म्हणजे १८३० च्या दशकाच्या अखेरपासून १८९० पर्यंतची. नाक-डोळे पार झिजलेले असले तरी कपाळ आणि हनुवटीची रेषा कोणत्या बाजूला आहे हे तिरक्या उजेडात कळतं, आणि तेवढ्यावर जॉर्जचा काळ की व्हिक्टोरियाचा, हा प्रश्न सुटतो.

विसाव्या शतकात काही हौशी ठसेही आले. १९३४-३५ मध्ये पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांचे जोडचेहरे, १९५३ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास दुसऱ्या एलिझाबेथचा. ते कराचे नव्हेत, स्मरणाचे आहेत.

वर्षाचं अक्षर. लंडनमध्ये ही पद्धत १४७८ पासून. दरवर्षी अक्षर बदलायचं. लंडनच्या चक्रात वीस अक्षरं: 'ए' पासून 'यू' पर्यंत, मधलं 'जे' हे अक्षर गाळून. वीस वर्षं संपली की लिपीचं वळण आणि ढालीचा आकार बदलून पुन्हा ए. अक्षर मे महिन्यात बदलत असे, म्हणून एक अक्षर दोन इंग्रजी वर्षांत पसरतं. १९७५ पासून मात्र ते १ जानेवारीला बदलतं, आणि १९९९ पासून ऐच्छिक झालं आहे. बर्मिंगहॅमचं चक्र वेगळं आणि लांब, तर शेफील्डने १८२४ पर्यंत अक्षरं वर्णक्रमाने घेतलीच नव्हती. म्हणून शहर ओळखल्याशिवाय अक्षराचा तक्ता उघडायचाच नाही. तक्ते ब्रिटिश तपासणी कार्यालयांच्या वेबसाइटवर आणि खिशात मावणाऱ्या पुस्तिकांत मिळतात. पाठ करायची गरज नाही, पण लंडनची ही चक्रं डोक्यात असली तर बाजारात काम भागतं: १७७६ पासून स्मॉल अक्षरं, १७९६ पासून कॅपिटल, १८१६ पासून पुन्हा स्मॉल, १८३६ पासून गॉथिक कॅपिटल, १८५६ पासून गॉथिक स्मॉल, १८७६ पासून साधी कॅपिटल, १८९६ पासून साधी स्मॉल.

एका अक्षरावरून तीन काळ

समजा तुमच्यासमोर लंडनचे तीन चमचे आहेत आणि तिन्हींवर साध्या लिपीतलं स्मॉल 'ई' आहे. तक्ता बघितला तर १७८०, १८२० आणि १९०० ही तिन्ही वर्षं सापडतात.

पहिल्या चमच्यावर लेपर्डला मुकुट आहे, सिंह आपल्याकडे बघतो आहे आणि राजाचा चेहरा कुठेच नाही. कर बसण्याआधीची वस्तू, म्हणजे १७८०. शिवाय ठसे दांड्याच्या खालच्या भागात, वाटीजवळ, थोडे विस्कटलेले आहेत. लंडनमध्ये साधारण १७८१ पर्यंत चमच्यांना ठसे वाटीजवळ अरुंद भागात मारत; नंतर ते वर, पकडायच्या टोकाजवळ मारू लागले. वाटीजवळचे ठसे दांडा ठोकून आकार देताना दबतात, म्हणून अठराव्या शतकातल्या चमच्यांचे ठसे बरेचदा चेपलेले मिळतात. जुनेपणाची ती चांगली खूण आहे.

दुसऱ्यावर लेपर्डला मुकुट आहे, सिंह अजून आपल्याकडेच बघतो आहे, पण आता उजवीकडे बघणारा राजाही आहे. हा १८२०-२१ चा. लगेच पुढच्या काळात मुकुट जातो, म्हणजे मुकुट घातलेल्या लंडनच्या लेपर्डचे हे शेवटचे दिवस.

तिसऱ्यावर मुकुट नाही, सिंह सरळ बघतो आहे, चेहरा नाही. हा १९०० चा. इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण १९५६ पासूनच्या चक्रातही स्मॉल अक्षरं आहेत आणि त्यातला 'ई' १९६० चा. अशा वेळी ढालीचा आकार आणि अक्षराचं वळण तक्त्याशी ताडून बघा आणि कारागिराच्या आद्याक्षरांचा आधार घ्या.

हा सराव चार-पाच वेगवेगळ्या वस्तूंवर केला की तक्ता न उघडताही मनात चौकट बसू लागते.

कारागिराची आद्याक्षरं

ती सरकारी ठशांपासून वेगळी मारलेली असतात, कारण ती कारखान्यातच मारून मग वस्तू तपासणीला जात असे. १६९७ ते १७२० च्या काळात आडनावाची पहिली दोन अक्षरं वापरायची सक्ती होती. लंडनचा नामवंत चांदी-कारागीर पॉल द लामेरी याचा पहिला ठसा 'एल ए' आहे तो यामुळेच. १७३९ च्या कायद्यानंतर नाव आणि आडनाव यांची पहिली अक्षरं रूढ झाली. जुन्या ठशांत 'जे' या अक्षराऐवजी 'आय' मारलेला असतो, तेव्हा 'आय एस' दिसलं तर जॉन, जेम्स, जोसेफ ही नावंही शोधा.

एक काळजी घ्या. आद्याक्षरं ही शोधाची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. एकाच आद्याक्षरांचे कित्येक कारागीर एका शहरात होते; आधी वर्ष पक्कं करा, मग त्या वर्षी कोणाचा ठसा नोंदलेला होता ते बघा. विल्यम एली, विल्यम फर्न आणि विल्यम चॉनर या त्रयीचा डब्ल्यूई, डब्ल्यूएफ, डब्ल्यूसी असा ठसा १८०८ ते १८१४ या वर्षांतला. असा ठसा आणि १८३० चं अक्षर एकत्र आलं तर कुठेतरी वाचण्यात घोटाळा आहे किंवा वस्तूत.

हेस्टर बेटमन हे नाव तुम्हाला वारंवार ऐकू येईल. या बाईने नवरा गेल्यावर कारखाना चालवला, १७६१ मध्ये स्वतःचा ठसा नोंदवला आणि १७९० पर्यंत काम सांभाळलं. तिचा ठसा वळणदार लपेटीत लिहिलेला 'एच बी'. तिच्या नावाला भाव जास्त असल्याने नकलाही आहेत. माझा सल्ला असा की नावासाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी तिच्याच काळातल्या एखाद्या अनोळखी कारागिराचा स्वच्छ ठशांचा चमचा हातात घ्या. घडाई तेवढीच उत्तम असते.

घाट काय सांगतो

घाटावरून तारीख काढताना एक नियम पाळा: घाट आधीची मर्यादा सांगतो, नंतरची नाही. जुना घाट पुढची दोनशे वर्षं कोणीही पुन्हा काढू शकतो, पण जो घाट अजून जन्मलाच नव्हता त्यात वस्तू असू शकत नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चमच्यांचं टोक तीन पाकळ्यांसारखं दुभंगलेलं असतं, त्याला ट्रेफिड म्हणतात. साधारण १७१० पासून १७७० च्या दशकापर्यंत हॅनोव्हेरियन घाट चालला: दांड्याचं टोक गोल आणि वरच्या बाजूला वळलेलं, पुढच्या अंगाला मधोमध उंचवटा. सुरुवातीच्या हॅनोव्हेरियन चमच्यांत वाटीच्या पाठीवर उंदराच्या शेपटीसारखी लांब निमुळती कणी असते. तेव्हा टेबलावर चमचे पालथे मांडत, म्हणून घराण्याचं चिन्ह पाठीवर कोरलेलं दिसतं. १७६० च्या सुमारास ओल्ड इंग्लिश घाट आला, टोक खाली वळलं, आणि चिन्ह पुढच्या बाजूला गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फिडल घाटाची चलती झाली, दांड्याला व्हायोलिनसारखे खांदे असलेला. त्यानंतर शिंपले आणि वेलबुट्टीने भरलेला किंग्ज घाट.

काट्यांचे दाते मोजा. अठराव्या शतकाच्या मोठ्या भागात तीन दात्यांचे काटे होते, १७७० च्या दशकापासून चार दाते रुळले. मासे खाण्याची एकेकाची वेगळी सुरी आणि काटा ही व्हिक्टोरियाच्या काळातली पद्धत; असा संच कोणी तिसऱ्या जॉर्जच्या काळातला म्हणून दाखवला तर विश्वास ठेवू नका. जॉर्जच्या काळात असे ते मासा वाढायचं रुंद, जाळीदार उलथणं.

झीजही वाचा. उजव्या हाताने खाणाऱ्यांच्या चमच्याची वाटी टोकाजवळ डाव्या कडेला जास्त झिजते. दीडशे वर्षं वापरलेल्या काट्यांचे दाते आखूड होतात. ठसे पार झिजलेले पण वाटीची कड नव्यासारखी धारदार, किंवा उलट, असं दिसलं तर कारण शोधा.

बदललेल्या आणि बनावट वस्तू

बऱ्याच वस्तूंवरचे ठसे खरे असतात, वस्तू मात्र बदललेली असते. साध्या जॉर्जियन चमच्यांवर व्हिक्टोरियाच्या काळात फळांची नक्षी ठोकून, वाटीला सोनेरी मुलामा देऊन ते फळांचे चमचे म्हणून विकले गेले. ठसा १७९० चा, नक्षी ऐंशी-नव्वद वर्षांनंतरची. सुंदर दिसतात, पण १७९० ची नक्षी म्हणून त्यांचे पैसे देऊ नका. चमच्याची वाटी कापून तीन दात्यांचे काटे केलेलेही मिळतात, कारण जुने काटे दुर्मीळ आणि महाग; त्यांचे दाते पातळ असतात आणि मुळाशी वाटीच्या जोडाची खूण राहते.

मोठ्या वस्तूंत झाळण शोधा. एखाद्या लहान वस्तूवरचे ठसे कापून मोठ्या भांड्याच्या तळाला बसवायची लबाडी अठराव्या शतकातही होती, कर चुकवण्यासाठी. ठशांभोवती तोंडाची वाफ सोडली की जोडाची रेषा क्षणभर उमटते. चहाच्या किटलीला झाकण असेल तर झाकणावरही निदान सिंह आणि कारागिराचा ठसा हवा. तो अंगावरच्या ठशांशी जुळत नसेल तर झाकण दुसऱ्याचं. कोरलेलं चिन्ह घासून काढलं असेल तर तिथला पत्रा पातळ होतो. दोन बोटांत धरून हलकं दाबलं की कळतं.

ट्रे आणि ताटल्यांच्या तळाशी टोकदार हत्याराने ओरखडलेले आकडे असतात, उदाहरणार्थ '१५ = १०'. हे मूळ वजन: १५ ट्रॉय औंस आणि १० पेनीवेट. वीस पेनीवेटचा एक औंस, आणि एक औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे साडेपंधरा औंस, सुमारे ४८२ ग्रॅम. आज काट्यावर ४७० भरलं तर झीज समजावी. ५३० भरलं तर नंतर पाय, कान किंवा कड जोडली गेली आहे. ३९० भरलं तर काहीतरी कापून काढलं आहे.

ओतीव नकलांची एक खात्रीची खूण म्हणजे सगळे ठसे सगळ्या चमच्यांवर एकाच जागी. खऱ्या संचात कारागिराचा ठसा हाताने वेगळा मारलेला असल्याने प्रत्येक चमच्यावर थोडा सरकतो, थोडा तिरका पडतो. सहाही चमच्यांवर तो नेमका त्याच जागी, त्याच कोनात असेल आणि ठशांच्या कडा बोथट, तळ खरखरीत असेल, तर एका खऱ्या चमच्याच्या साच्यातून सहा काढलेले असण्याची शक्यता दाट.

इंग्लिश नसेल तर

'स्टर्लिंग' हा पूर्ण शब्द मारलेला असेल तर वस्तू बहुधा अमेरिकन. टिफनीने हा दर्जा १८५१ मध्ये स्वीकारला, गोरमने १८६८ मध्ये. गोरमच्या ठशात सिंह, नांगर आणि जी हे अक्षर आहे. नांगर बघून ते बर्मिंगहॅम समजण्याची चूक फार सोपी. नुसता ८०० चा आकडा युरोपातला, आणि त्यासोबत चंद्रकोर-मुकुट असेल तर १८८८ नंतरचं जर्मनी. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज चांदी निघते: १८८७ ते १९३७ मध्ये रानडुकराचं तोंड, १९३८ पासून गरुडाचं, सोबत ८३३ किंवा ९१६ हा आकडा. ती स्टर्लिंग नाही, पण चांदीच आहे.

भारतात बनलेल्या विलायती घाटाच्या चांदीला तपासणी कार्यालयच नव्हतं. कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी, मद्रासचे पी. ऑर अँड सन्स, भुजचे उमरसी मावजी हे नाव किंवा आद्याक्षरं मारत, आणि काही जण इंग्लिश धर्तीचे स्वतःचे ठसेही शेजारी ठेवत. त्या ठशांना अक्षरांचे तक्ते लागू होत नाहीत. तिथे कंपनीच्या नावातले बदल, घाट आणि कोरलेला मजकूर हेच आधार. शर्यतीच्या चषकावरचं किंवा पलटणीने दिलेल्या भेटीवरचं वर्ष उपयोगी पडतं, पण मजकूर वस्तूहून नंतर कोरलेला असू शकतो, हे विसरू नका. उमरसी मावजींच्या कारखान्यातली बारीक वेलबुट्टी आणि त्यातले प्राणी भिंगाखाली एकदा पाहाच. त्या तोडीचं काम इंग्लंडमध्येही क्वचितच दिसतं.

विकत घेताना आणि जपताना

पहिली खरेदी एका जेवायच्या चमच्याची करा, संचाची नको. लंडनचा, १७९० ते १८३० मधला, पाचही ठसे स्वच्छ वाचता येतील असा. असे चमचे भरपूर बनले, म्हणून किंमत आवाक्यात असते आणि शिकायला याहून चांगली वस्तू नाही. संच घेताना प्रत्येक नग उलटा करून बघा. बारा काट्यांवर चार वेगवेगळी वर्षं निघाली तर तो जमवलेला संच आहे. वापरायला हरकत नाही, भाव मात्र त्याप्रमाणे द्या. वजनावर चांदीचा भाव लावून पाहा आणि त्यावर किती जास्त मागतात याचा अंदाज घ्या. विक्रेता ठशांचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तो सौदा सोडा.

प्रत्येक वस्तूचं एक पान वहीत करा: ठसे डावीकडून उजवीकडे जसे दिसले तसे, वजन, लांबी, घाट, कुठून मिळाली. जे वाचता आलं नाही तिथे जागा मोकळी ठेवा. अंदाज लिहिला की पुढे तोच खरा वाटू लागतो. साठवताना रबर बँड आणि वर्तमानपत्र टाळा, दोन्हींमुळे चांदी काळवंडते. मऊ सुती कापड आणि कोरडी जागा पुरे. मीठदाणीतलं मीठ जेवण झालं की लगेच काढून ठेवा, मिठाने पडलेले खड्डे बुजत नाहीत.

शेवटची बाब कायद्याची. भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचे चमचे परदेशातल्या मुलीकडे पाठवायचे असतील, तर वस्तू विलायती बनावटीची आहे म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. सामानात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू आणि ठशांचे फोटो घेऊन जा आणि ती पुरावशेष आहे की नाही याचा लेखी दाखला घ्या. ठशांवरून काढलेलं वर्ष वहीत नोंदलेलं असेल तर तिथलं कामही सोपं होतं.